भामाबाईचे कान

धारूरच्या घाटाच्या अलीकडे डोंगराच्या पोटाला धनगरांची सात घरांची वस्ती आहे. तिथल्या भामाबाईचे कान तालुक्यात प्रसिद्ध होते. तालुका म्हणजे ज्यांच्या दारात मेंढी आहे तेवढाच. बाकीच्यांना तिचं नावही ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण कळपात एखादं जनावर आतून खंगायला लागलं आणि कोणतं ते कळेना, की मेंढक्या आपली मोटारसायकल घेऊन वस्तीवर हजर व्हायचा आणि तिला मागे बसवून घेऊन जायचा. दीडदोनशे मेंढ्यांच्या मधोमध ती उभी राहायची, पदर कानामागे सारायची, डोळे मिटायची. आधी माणसांना गप्प करायची, कारण मेंढ्यांपेक्षा त्यांचाच गलका जास्त. मग थोड्या वेळानं बोट करून म्हणायची, "ती बगा, काळ्या तोंडाची. तिला बाजूला काढा."

मेंढी हे मोठं सोशीक जनावर. शेळीला काटा रुतला तर ती गाव गोळा करते. मेंढीच्या पोटात आग पडली तरी ती ओरडत नाही. कळपाबरोबर चालते, खाली मान घालून चरल्यासारखं करते. फक्त दात खाते. दाढेवर दाढ घासल्याचा बारीक, कोरडा आवाज येतो. रवंथाचा आवाज ओला आणि संथ असतो, हा तसा नसतो. हजार वेळा ऐकल्याशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही, आणि भामाबाई सात वर्षांची असल्यापासून ऐकत आली होती.

तिचा नवरा धुळाजी सगळ्यांपुढं तिची थट्टा करायचा. "हिला मेंढीच्या दाढंचा आवाज कोसावरनं येतो. म्या चुलीपाशी बसून पानी मागितलं की मातर बहिरी हुती."

धुळाजी स्वतः अगदी उलट्या मातीचा. त्याला काही झालं आणि वस्तीला कळलं नाही असं कधी घडलंच नाही. पायात बाभळीचा काटा मोडला तरी त्याचा आरडाओरडा पलीकडच्या टेकडीवर जायचा. तापात तर तो मृत्युपत्रच सांगायला बसायचा. कोणता मेंढा कुणाला द्यायचा ते भामाबाईला तीनदा ऐकवायचा आणि सकाळी उठून भाकरी मागायचा. शिवाय मेंढ्यांच्या औषधपाण्यातलं त्याला सगळं कळतं, असं त्याचं ठाम मत होतं. बरंचसं कळतही होतं.

मागच्या दसऱ्याला त्याची कंबर दुखायला लागली. बीडच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि कळलं, की लघवीच्या जागेचा कॅन्सर कंबरेच्या हाडात उतरलाय. बरा होण्यातला नव्हता. तिथल्या डॉक्टर रोहिणी मॅडमनी दुखणं कमी करायच्या गोळ्या सुरू केल्या. मॉर्फिनच्या, दर चार तासांनी एक. भामाबाईला घड्याळ कळत नव्हतं, म्हणून मुलगा अंगद यानं तिच्या मोबाइलमध्ये गजर लावून दिला. अंगद धारूरला बायकोमुलांसह राहायचा आणि पिकअप गाडी चालवायचा. दर महिन्याला डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तोच बीडला जायचा आणि गोळ्या आणायचा.

पहिले दोन महिने गोळ्यांनी जादू केली म्हणावं. धुळाजी काठी टेकत उठायचा. सकाळी कुंपणाच्या तोंडाशी बसून एकेक मेंढी बाहेर सोडत मोजायचा. अडतीस मेंढ्या होत्या. एखादी दोनदा मोजली गेली तर स्वतःलाच शिवी द्यायचा आणि पुन्हा सुरुवात करायचा. त्याचा आवाज चढला की भामाबाईच्या जिवाला बरं वाटायचं. जायचाच आहे तर असा शिव्या देत, मेंढ्या मोजत जावा, कण्हत जाऊ नये, एवढंच तिनं देवापाशी मागितलं होतं. दुसरं काही मागून उपयोग नाही हे तिला मॅडमच्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं.

संक्रांत झाली आणि गोळी लवकर उतरायला लागली. गजर व्हायच्या आधी तासभर धुळाजी कासावीस व्हायचा. अंगदनं दवाखान्यात सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "असं होतं. त्यांना घेऊन या, गोळी वाढवून देते."

अंगदनं हे घरी सांगितलं, तर धुळाजी उठून बसला.

"वाडवायची न्हाई," तो म्हणाला. "मला शिकवू नगंस. जंताचं औषध मेंढ्यांला दरसाल तेच दिलं की काय हुतं? जंत मरत न्हाईत. मग दुप्पट द्या, तिप्पट द्या. येक दिस आसा येतो की बाटली पाजली तरी उपेग न्हाई. आता हितंच सगळा जोर वापरला तर पुढं लई दुखंल तवा काय करू? ते राखून ठिवाय पायजे."

बोलणं बिनतोड वाटत होतं. वस्तीवरच्या प्रत्येकानं आपल्या डोळ्यांनी तसं झालेलं पाहिलं होतं. भामाबाईनंही मान डोलावली. जंताचं औषध वेगळं आणि माणसाच्या दुखण्याचं वेगळं, हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात स्वप्ना आली. ही त्यांची धाकटी, नेकनूरला दिलेली. तिथं ती आशाताई होती. घरोघरी जाऊन गरोदर बायकांची विचारपूस करायची, लोहाच्या गोळ्या वाटायची. धुळाजीचा या लेकीवर भारी जीव. कळप घेऊन गावोगाव फिरायच्या दिवसांत त्यानं तिला बहिणीच्या घरी ठेवून शिकवलं होतं. बारावी पास झालेली वस्तीवरची पहिली पोरगी ती. बापाच्या आजारपणात आपल्याला चार दिवसही राहता येत नाही, घर सुटत नाही, काम सुटत नाही, हे तिला आतून खात होतं. आल्या आल्या तिनं पिशवीतून पिवळे डबे काढले. तीन होते. डब्यावर पळणाऱ्या माणसाचं चित्र.

"आबा, ह्याच्यात मॅग्नेशियम हाय, झिंक हाय, आजून लई कायकाय हाय," ती म्हणाली. "म्या मोबाइलवर समदं बगितलंय. गोळीचा जोर कमी हुतो ना, ते ह्यानं हुत न्हाई. आंग गोळीला सरावत न्हाई. मग वाडवायची बी गरज न्हाई."

धुळाजीनं डबा हातात घेऊन उलटापालटा केला. "ह्यो गडी पळायलाय. म्हंजी म्या बी पळनार म्हन की!"

"पळा की. माय धरंल तुमाला."

सगळे हसले. धुळाजीला ही गोष्ट पटली, कारण मेंढ्यांनाही तो क्षारांची चाटणवीट बांधायचा आणि ती चाटून जनावर अंग धरायला लागतं हे त्याचं अनुभवाचं होतं. मेंढीला चालतं तर माणसाला का नाही? सकाळ-संध्याकाळ एक चमचा पावडर कोमट पाण्यात सुरू झाली.

आणि गुण आला! निदान भामाबाईला तरी तसं वाटलं. गोळ्यांमुळं त्याचं पोट सारखं धरायचं, ते आठ दिवसांत मोकळं झालं. धुळाजीनं चार माणसांत बसून त्याचं साग्रसंगीत वर्णन केलं. रोज दिवेलागणीला स्वप्नाचा फोन यायचा. तो मोबाइल कानाला लावून मोठ्यानं सांगायचा, "लई आराम हाय बग. तुझ्या पावडरीनं आजारच घाबरला." अंगदनं विचारलं तरी तेच. अंगदनंही मॅडमना तेच सांगितलं, डबा मात्र कुणीच दाखवला नाही. गोळी तेवढीच राहिली.

धुळाजी जरा शांत झाला होता, हे भामाबाईच्या ध्यानात आलं होतं. शिव्या कमी झाल्या होत्या. सकाळी मेंढ्या मोजायचं तिच्यावर सोडून दिलं होतं. थकला असेल, असं तिनं धरलं. दिवसभर तर ती कळपामागं रानात असायची, शेजारची जाऊ त्याला दुपारच्या गोळ्या द्यायची.

होळी होऊन दहा दिवस झाले होते. एक मेंढी व्यायला आली होती म्हणून भामाबाईनं त्या दिवशी कळप रानात नेला नाही. दुपारी मेंढ्या लिंबाच्या सावलीला बसल्या, वारा पडला, आणि तिला आवाज आला. कोरडा, बारीक. तिनं पदर कानामागे सारला.

ती आधी गाभण मेंढीपाशी गेली. मेंढी निवांत रवंथ करत होती. मग शेजारची, मग तिच्या पलीकडची. एकेकीचा जबडा धरून तिनं अंगठ्यानं चाचपला, पोटाला कान लावला, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या. अडतीसच्या अडतीस झाल्या. सगळ्या ठणठणीत. आवाज मात्र येतच होता. जरा थांबायचा आणि पुन्हा यायचा.

तो कुंपणाच्या पलीकडून येत होता. दगडी बांधाच्या मागे धुळाजी बसला होता. फाल्गुनातल्या उन्हात त्यानं घोंगडं डोक्यावरून घेतलं होतं. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही मुठीत माती, आणि जबडा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकत होता.

भामाबाई तिथंच खाली बसली. लोकांच्या कळपात जाऊन आजारी जनावर ओळखणारी बाई, आणि आपल्या घरातलं तिला ऐकू आलं नव्हतं. तिला आपल्याच कानांची शिसारी आली.

"कदीपसनं?" तिनं विचारलं.

त्यानं डोळे उघडले. चोरी सापडल्यासारखा बघायला लागला. "काय कदीपसनं?"

"आवं, म्या बहिरी न्हाई. कदीपसनं दुखायलंय आसं?"

"माघाच्या पुनवंपसनं," तो शेवटी म्हणाला. "पावडरीनं पोट साफ हुतंय, ते खोटं न्हाई. पर दुखनं वाडतच चाललंय."

"मग सांगितलं कावून न्हाई? काटा रुतला तर डोंगर डोक्यावर घेता तुमी!"

"पोरगी रोज फोन करती, भामे. तिला काय सांगू? तू आनलेलं फुकट गेलं म्हनू? तिला यायला जमत न्हाई, तेवडं येकच तिच्या हातनं झालंय माज्यासाटी."

माघ पौर्णिमा ते होळी महिना, वर दहा दिवस. भामाबाईनं बोटांच्या पेरांवर मोजलं. चाळीस दिवस हा माणूस कळपातल्या मेंढीसारखा सगळ्यांत मिसळून राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अंगदनं गाडीत गादी घातली आणि तिघं बीडला गेले. भामाबाईनं डबा बरोबर घेतला होता. रोहिणी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भामाबाईला वाटलं.

"बाबा, ही गोळी राखून ठेवायची नसते," मॅडम म्हणाल्या. "शरीर तिला सरावतं, किंवा आजार पुढं सरकतो. दोन्ही वेळेला आम्ही ती वाढवतो, बदलतो, जोडीला दुसरं औषध देतो. आज वाढवली म्हणून उद्याची संपत नाही. पुढं लागेल तेव्हा पुढची आहे. तुम्ही एवढं सोसायची काही गरज नव्हती."

शेवटचं वाक्य भामाबाईच्या काळजात रुतून बसलं.

"आन ह्ये?" तिनं डबा पुढं केला.

मॅडमनी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. "अशा गोष्टींवर अभ्यास चालू आहेत. पण हे घेतलं म्हणजे गोळीचा जोर टिकतोच, असं सांगण्याइतकं अजून काही हातात नाही. आणि ह्यांची किडनी थकलीय, त्यांना हे बाधूसुद्धा शकतं. बंद करा. पुढच्या वेळी काहीही देण्याआधी मला फोन करा."

गोळी वाढली, जोडीला आणखी एक आली. चौथ्या दिवशी धुळाजीनं मेंढ्यांना शिवी दिली. भामाबाई चुलीपाशी होती. तिच्या डोळ्यांना धार लागली आणि तिनं ती धुरावर ढकलली.

पण त्याच्या आधी, बीडहून आल्या आल्याच त्यानं तिला भिंतीतल्या देवळीपाशी नेलं होतं. तिथं बिरोबाचा टाक होता आणि वाटीत हळदीचा भंडारा. "उचल," तो म्हणाला. "स्वप्नाला यातलं कायबी सांगनार न्हाई म्हन. अंगदला म्या बजावलंय. ती लोकांला औषधं वाटती. बापालाच चुकीचं दिलं म्हनून कळलं तर औषध देताना तिचा हात कापंल जल्मभर."

भामाबाईनं चिमटीत भंडारा उचलला. भंडाऱ्याची शपथ घेतली की धनगराच्या घरात यापुढं बोलणं नसतं.

पाच आठवडे मिळाले. त्यांतले बरेचसे चांगले गेले. स्वप्नाचा फोन आला की तो पहिल्यासारखंच सांगायचा, "लई आराम हाय," आणि आता ते खरं असायचं. वैशाखात एका सकाळी मेंढ्या मोजता मोजता सव्वीसवर तो थांबला. भामाबाईला वाटलं, आकडा चुकला म्हणून आठवत बसलाय. ती सत्ताविसावी मेंढी धरून वाट बघत राहिली.

तेराव्यानंतर स्वप्ना परत निघाली. सामान बांधताना तिनं फळीवरचे पिवळे डबे खाली घेतले. एक अर्धा होता, एक तर फोडलेलाही नव्हता.

"माय, ह्ये नेते. आमच्या शेजारच्या वत्सलाबाई हायत ना, त्यांला ह्याच गोळ्या सुरू झाल्यात. छातीचा हाय त्यांला. डॉक्टर वाडवू म्हनत्यात आन त्या भ्यायल्यात. म्या म्हनलं, भिऊ नका. आमच्या आबाला ह्यानं लई गुण आला, त्येंनी सवता सांगितलंय. गोळी वाडवायचीच न्हाई, ह्येच घ्यायचं."

भामाबाई ज्वारी निवडत होती. तिचा हात सुपातच राहिला.

एका बाजूला गेलेल्या नवऱ्याला दिलेला शब्द. दुसऱ्या बाजूला ती वत्सलाबाई, जिला तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिचा जबडाही आता कुठल्यातरी भिंतीआड तसाच सरकेल, आणि तिथं ऐकायला भामाबाई नसेल. बाहेर एसटीची वेळ होत आली होती. एवढं गप्प बसलं की काम भागणार होतं.

ती उठली. देवळीपाशी गेली, चिमूटभर भंडारा कपाळाला लावला. "बिरोबा, उचललेलं माघारी ठिवते. काय करायचं ते माजं कर," असं म्हणून तिनं चिमटीत उरलेला भंडारा पुन्हा वाटीत सोडला.

"स्वप्ना, डबं खाली ठिव. आन बस हितं."

तिनं सगळं सांगितलं. बांधामागचं घोंगडं, मुठीतली माती, मॅडमचं बोलणं. काही गोड केलं नाही. स्वप्ना डबा मांडीवर घेऊन ऐकत होती.

"मग फोनवर कावून म्हनायचे, आराम हाय म्हनून?"

"तुला वाईट वाटू ने म्हनून. दुसरं काय?"

स्वप्ना रडली नाही. ती समोरच्या भिंतीकडं बघत राहिली आणि भामाबाईला तो आवाज आला. तिनं पुढं होऊन लेकीचा जबडा दोन्ही हातांत धरला, मेंढीचा धरतात तसाच, अंगठे गालांच्या खाली लावून.

"आसं नगं. बापावर जाऊ नगंस. रड बाई, वरडून रड. समद्या वस्तीला ऐकू जाऊ दे."

स्वप्नाचं तोंड उघडलं आणि असा हंबरडा फुटला की कुंपणातल्या मेंढ्या उठून उभ्या राहिल्या. एसटी घाटाकडून आली, वस्तीच्या फाट्यावर थांबली आणि गेली. बऱ्याच वेळानं स्वप्नानं पदरानं तोंड पुसलं.

"किती दिस, माय?" तिनं विचारलं. "खरं सांग. किती दिस सोसलं त्येंनी?"

भामाबाईनं तिच्याकडं पाहिलं. आज एकदा तिनं भंडारा मोडला होता.

"आठ दिस," ती म्हणाली. "लई झालं तर धा. मग मलाच आवाज आला की."

"आठ," स्वप्ना म्हणाली. तिनं मान हलवली, जणू एवढं तरी आपल्याला पेलता येईल. मग तिनं मोबाइल काढला, नाक ओढलं आणि नेकनूरला फोन लावला. "वत्सलाकाकू, म्या स्वप्ना. पावडर काय घेऊ नका. न्हाई, म्या चुकीचं सांगितलं हुतं. उद्या सकाळी तयार ऱ्हावा, म्या तुमाला दवाखान्यात घेऊन जाते."

भामाबाई पुन्हा सुपापाशी बसली. खडे बाजूला काढता काढता तिचा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवरून फिरत होता, आणि प्रत्येक वेळी चाळीसवर येऊन थांबत होता.